दिवसाचं ऊन रात्रीपर्यंत पुरवायचं: थंडीसाठी घर कसं तयार करावं

निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली उतरतो. अशा पहाटे द्राक्षबागायतदार बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात आणि ठिबकने विहिरीचं पाणी सोडतात. त्या वेळी विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कोमट असतं. पाणी ओंजळीत घेतलं की त्यातून वाफ निघताना दिसते. जमिनीने पोटात धरून ठेवलेली ऊब त्या पाण्याबरोबर वर येते आणि मण्यांना तडे जायचे वाचतात.

लग्नानंतर नाशिकला सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा हे पाहिलेलं असूनही घरातही ऊब अशी धरून ठेवता येते हे मला सुचलं नाही. पहिल्या हिवाळ्यात आम्ही हीटर आणला. तो चालू असेपर्यंत खोली गरम असायची आणि बंद केला की अर्ध्या तासात पुन्हा गार. विजेचं बिल वाढलं, पण सासूबाईंचे गुडघे काही आखडायचे थांबले नाहीत. त्यानंतरच्या हिवाळ्यांत एकेक गोष्ट करून पाहिली. त्यातलं जे उपयोगी पडलं ते इथे सांगते.

आपल्याकडच्या थंडीचा स्वभाव आधी ध्यानात घेतला पाहिजे. नाशिकला जानेवारीत पहाटे दहा अंशांच्या आसपास तापमान असलं, तरी दुपारी ते अठ्ठावीस-एकोणतीसपर्यंत चढतं. म्हणजे ऊब रोज आपोआप दारात येते आणि संध्याकाळी निघून जाते. त्यातून आपली घरं उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली. वारा खेळावा म्हणून झरोके, पायाला गार लागावी म्हणून फरशी, सरकत्या खिडक्या, दाराखाली बोटभर फट. हिवाळ्याचे दोन-अडीच महिने हेच सगळं आपल्या विरुद्ध काम करतं. तेवढ्यापुरतं ते फिरवायचं आणि दुपारची ऊब पहाटेपर्यंत धरून ठेवायची. यासाठी फारसा खर्च येत नाही.

आधी फटी शोधा

दिवाळी झाली की एखाद्या वाऱ्याच्या संध्याकाळी सगळे पंखे बंद करा, खिडक्या-दारं लावून घ्या आणि एक उदबत्ती पेटवा. ती खिडकीच्या चौकटीच्या कडेकडेने, अगदी सावकाश, बोटभर अंतर ठेवून फिरवा. पडदे मात्र आधी बाजूला बांधून ठेवा. धूर सरळ वर जात असेल तिथे काही करायचं नाही. तो एकदम आडवा होऊन खोलीत वळला, तर तिथून बाहेरचा वारा आत येतोय. त्या जागी खडूने खूण करा. आमच्या हॉलच्या चार झडपांच्या खिडकीला मला सात खुणा सापडल्या होत्या, आणि सगळ्यात मोठी खूण दोन झडपा मधोमध जिथे एकमेकींवर येतात तिथली होती. वारा खालून येतो असं मी वर्षभर समजत होते.

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खाचेत एक केसाळ पट्टी बसवलेली असते. काही वर्षांत ती झिजते, चपटी होते, कोपऱ्यातून निघून येते. ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्या दुकानात ही पट्टी मीटरवर मिळते. जुनी ओढून काढायची आणि नवी त्याच खाचेत सरकवायची. दुकानात जाताना जुन्या पट्टीचा तुकडा बरोबर न्या, कारण जाडी वेगवेगळी असते. एका खिडकीला अर्धा तास लागतो. लाकडी खिडक्यांना चिकटणारी फोमची पट्टी पुरते. ती लावण्याआधी चौकट कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा, नाहीतर आठवड्यात सुटते.

सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाला लहान भोकं असतात. ती पावसाचं पाणी जायला ठेवलेली असतात, ती बुजवू नका.

दाराखालच्या फटीसाठी जुन्या जीन्सचा एक पाय कापा, एक तोंड शिवा, आत कापडाच्या चिंध्या आणि दोन मुठी वाळू भरून दुसरं तोंड शिवा. वाळूच्या वजनाने तो जागचा हलत नाही. रात्री दाराला लावायचा, सकाळी बाजूला करायचा.

आता एक इशारा. घर डबीसारखं बंद करायचं नाही. स्वयंपाकघराचा झरोका आणि गॅस गीझर असलेल्या न्हाणीघराची हवेची जागा या दोन गोष्टींना हात लावू नका. त्याचं कारण पुढे येतंच.

उन्हाचं वेळापत्रक

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीसुद्धा नाशिकच्या आकाशात सूर्य क्षितिजापासून जेमतेम शेहेचाळीस-सत्तेचाळीस अंश वर असतो. मे महिन्यात तो जवळपास डोक्यावर येतो. म्हणून दक्षिणेची जी खिडकी उन्हाळ्यात छज्जाच्या सावलीत असते, तिच्यातूनच थंडीत ऊन खोलवर आत येतं. आमच्या खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर आहे आणि छज्जा दीड फूट बाहेर आहे. तरी दुपारी बाराला ऊन पाच फूट आतपर्यंत पोचतं. तिथली फरशी चार वाजता अनवाणी पायाला कोमट लागते.

त्या उन्हाची वाट मोकळी ठेवायची, एवढंच आपलं काम. दक्षिणेच्या खिडकीसमोर सोफा असेल तर अडीच महिन्यांसाठी तो हलवा. पडदे पूर्ण बाजूला करा. काच आणि जाळी धुऊन घ्या, कारण धूळ बसलेली जाळी बरंच ऊन अडवते. सकाळी पूर्वेच्या आणि दुपारी तीननंतर पश्चिमेच्या खिडकीचा पडदा उघडा. उन्हाळ्यात पश्चिमेचं ऊन नकोसं होतं. थंडीत तेच सगळ्यात मोलाचं, कारण ते रात्रीच्या सगळ्यात जवळचं असतं.

खिडक्यांचं गणित मात्र वेगळं. बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा गरम झाली की खिडक्या उघडायच्या, म्हणजे साधारण दहा-साडेदहाला. मग पाचपर्यंत घरात हवा खेळू द्या. बहुतेक घरांत सकाळी सहाला उठल्या उठल्या खिडक्या उघडतात आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर, डास यायला लागले की, लावतात. थंडीत हे दोन्ही उलटं पडतं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण झळ त्याआधी तासभर कमी झालेली असते. पाचला खिडक्या लावून पडदे ओढणं, या एका सवयीने आमच्या घरात जेवढा फरक पडला तेवढा हीटरने पडला नव्हता.

पडदे जाड हवेत, आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना वीतभर जास्त रुंद. नवे घ्यायची गरज नाही. आहे त्याच पडद्याच्या मागून जुनी सोलापुरी चादर क्लिपांनी लावली तरी चालते. ती घट्ट विणीची असते, वजनदार असते आणि सरळ लोंबते. पडदा जमिनीला टेकला पाहिजे. वर राहिला तर काचेला लागून गार झालेली हवा खालून पायांवर येते.

वरचा मजला असेल तर स्लॅबचाही विचार करा. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी बरा वाटतो, पण निरभ्र रात्री तो आपली ऊब आकाशाला देत राहतो आणि पहाटे चारला छतच गारवा टाकायला लागतं. म्हणून झोपायची खोली निवडता येत असेल, तर पश्चिमेचं ऊन खाल्लेली आणि दोन बाजूंनी दुसऱ्या खोल्या असलेली निवडा. पत्र्याचं घर असेल तर पत्र्याखाली चार बोटं जागा सोडून बांबूची तट्टी बसवणं हा जुना, चांगला उपाय आहे. पत्र्याच्या आतल्या बाजूला पहाटे दव धरून थेंब पडतात, तेही अंगावर येत नाहीत. थर्माकोलची पत्रं मात्र उघडी लावू नका. ती झपाट्याने पेट घेतात.

पायाखाली

फरशी आणि सतरंजी एकाच खोलीत, एकाच तापमानाला असतात. तरी फरशी गार लागते, कारण ती पायातली ऊब भराभर ओढून घेते. सगळं घर झाकायची गरज नसते. माणूस जिथे थांबतो त्या जागा झाकायच्या: पलंगाची उतरायची बाजू, ओट्यापुढची जागा, देवापुढचं आसन, मुलं अभ्यासाला बसतात तो कोपरा. खाली जुनी घोंगडी आणि वर सतरंजी, असे दोन थर ठेवले की मध्ये हवा राहते. सतरंजीखाली घसरू नये म्हणून रबराची जाळी घाला, विशेषतः वडीलधारी माणसं असतील तर. आणि हो, उन्हाचा जो चौकोन जमिनीवर पडतो, त्यावर दिवसा सतरंजी नको. तिथे फरशीला तापू द्या आणि पाचला खिडकी लावताना त्यावर सतरंजी अंथरा.

अंथरूण

घर कितीही ऊबदार केलं तरी पहाटे तीन ते सहा हा वेळ अंथरुणाच्या भरवशावरच काढायचा असतो, म्हणून यावर मी सगळ्यात जास्त भर देते.

पलंग बाहेरच्या भिंतीला चिकटलेला असेल तर वीतभर तरी पुढे ओढा. रात्री ती भिंत सगळ्यात गार असते. कपाटंही अशा भिंतीपासून दोन बोटं लांब ठेवा, नाहीतर मागे ओल धरते आणि कपड्यांना कुबट वास येतो.

अंगावर काय घ्यायचं याचा सगळे विचार करतात, अंगाखाली काय आहे याचा फारसा कुणी करत नाही. अंगाच्या वजनाने गादी दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि खालून गारवा चढतो. जमिनीवर झोपणाऱ्यांना तर तो हाडांपर्यंत जाणवतो. म्हणून गादीवर, चादरीच्या खाली, एक गोधडी किंवा घोंगडी अंथरा. कापसाची गादी दडस झाली असेल तर दिवाळीच्या आधीच पिंजून घ्या. पिंजलेल्या कापसात हवा भरते आणि ऊब त्या हवेतच राहते. आठवड्यातून एकदा गादी आणि उशा गच्चीवर उन्हात टाका आणि चारच्या आत उचला. साडेपाचपर्यंत राहिल्या की गार पडायला लागतात आणि दिवसभराचं ऊन वाया जातं.

पांघरुणाचे थर असे लावते: अंगाला सुती चादर, त्यावर गोधडी, त्यावर घोंगडी. घोंगडीची लोकर राठ असते, अंगाला टोचते, म्हणून ती सगळ्यात वर. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली अस्सल घोंगडी पिढी-दोन पिढ्या टिकते. तिला सारखं धुवायचं नाही. उन्हात टाकून काठीने झटकायची. रात्री उकडलं तर वरचा थर पायाशी सारता येतो. एकाच जाड रजईत ही सोय नसते.

गोधडी विकत मिळते, पण घरी शिवलेलीची गोष्ट वेगळी, आणि ती अवघडही नाही. सहावारी साडी साधारण पाच-साडेपाच मीटर लांब असते. तिचे सव्वादोन मीटरचे दोन तुकडे होतात, रुंदी जवळपास पावणेचार फूट. म्हणजे तीन जुन्या सुती साड्यांत एका माणसाच्या गोधडीचे सहा थर झाले. कृत्रिम धाग्याच्या साड्या घेऊ नका. त्या घाम शोषत नाहीत आणि थर एकमेकांवर सरकतात. सगळ्या साड्या एकदा गरम पाण्यात धुऊन वाळवा, म्हणजे नंतर आटून सुरकुत्या पडणार नाहीत. मग फरशीवर एकावर एक अंथरा. सगळ्यात विरलेली साडी मध्ये, धडधाकट दोन वर आणि खाली. हाताने मधून कडांकडे सपाट करत जा आणि वीत-वीत अंतरावर लांब टाक्यांनी कच्चं टाचा. हे टाचणही मधून बाहेरच्या दिशेने करायचं. कडेकडून आत आलात तर मध्ये कापडाचा फुगा जमतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही. मी पहिली गोधडी अशीच बिघडवली आणि अर्धी उसवून पुन्हा टाचली. त्यानंतर दोन बोटांच्या अंतराने साधा धावदोरा घालायचा. टाका ओढून ताणू नका. दोऱ्याने कापड चापून बसलं तर थरांत हवा राहत नाही आणि गोधडी जड होते पण ऊबदार होत नाही. रोज तासभर बसलं तर महिना-दीड महिन्यात होते. माझ्या आजीच्या हिरव्या लुगड्याची घडी मी माझ्या मुलाच्या गोधडीत वरच्या अंगाला घातली आहे. काठ डोक्याकडे येतो, आणि झोपताना तो बोटाने काठावरची नक्षी चाचपत राहतो.

गरम पाण्याची पिशवी निजायच्या वीस मिनिटं आधी पांघरुणात पायाशी ठेवा. उकळतं पाणी घालू नका. दोन-तृतीयांश भरा, आडवी धरून आतली हवा काढा आणि मग झाकण लावा. कापडी खोळ हवीच. रबराला चिरा दिसल्या तर पिशवी टाकून द्या. निजताना ती बाहेर काढलेली बरी. मधुमेहाने ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे त्यांच्या पायाशी तर ती मुळीच राहू देऊ नका. चटका बसलेला कळत नाही आणि जखम चिघळते.

हीटर, शेगडी, गीझर

एवढं केल्यावर हीटर लागलाच तर थोडा वेळ पुरतो. १००० वॅटवर रोज अर्धा तास चालवला तर दोन महिन्यांत तीस युनिट होतात. २००० वॅटवर तासाला दोन युनिट जातात. तेलाचा हीटर हळू तापतो, पण बंद केल्यावरही ऊब देतो आणि त्याची तार लाल होत नाही, म्हणून लहान मुलांच्या घरी तोच बरा. लाल कांडीचा हीटर समोरच्या माणसाला लगेच शेक देतो, खोलीला नाही. कुठलाही हीटर १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेंशन बोर्डाला नको. पडदा आणि पांघरूण यांपासून तीन फूट लांब ठेवा, आणि झोपण्याआधी बंद करा.

शेगडीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. पेटलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. निखारे विझल्यासारखे दिसले, वर राख धरली, तरी तो निघतच असतो. बाळंतिणीला शेक-शेगडी द्यायची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. ती पाळायची असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून, कुणीतरी जागं बसून, आणि शेक झाला की शेगडी ताबडतोब बाहेर. खोलीत कुणाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर आधी माणसाला बाहेर मोकळ्या हवेत न्या.

गॅस गीझरचंही तेच. तो न्हाणीघराच्या बाहेर बसवलेला असावा. आत असेल तर झरोका उघडा ठेवूनच अंघोळ करा, किंवा बादली भरून घेऊन गीझर बंद करा आणि मग आत जा. झरोका बुजवू नका म्हटलं ते यासाठी.

संध्याकाळ

पांढऱ्या ट्यूबलाइटच्या उजेडात खोली आहे त्यापेक्षा गार वाटते. बल्बच्या खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेलं असेल तर तो उजेड निळसर पांढरा, २७०० असेल तर जुन्या पिवळ्या बल्बसारखा. अभ्यासाच्या टेबलावर पांढरा राहू द्या. बसायच्या खोलीत आणि पलंगाशेजारी २७०० चा एकेक बल्ब डोळ्यांच्या उंचीला किंवा त्याच्या खाली लावा आणि छताचा दिवा मालवा.

स्वयंपाकघर ही घरातली रोजची शेगडीच. संध्याकाळचा स्वयंपाक साडेसहा-सातला करा, झरोका उघडा ठेवा आणि फोडणीचा धूर निघून गेला की स्वयंपाकघराचं आतलं दार बाकीच्या घराकडे उघडा. थंडीत बराच वेळ शिजणारे पदार्थ करण्यात पोटाइतकंच घराचंही हित आहे. आमच्याकडे आठवड्यातून एकदा शेंगोळे होतात. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं वाटून घालायचं, घट्ट मळून वळायचे आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात रटरट शिजू द्यायचे. शेंगोळे शिजेपर्यंत सगळे आपोआप ओट्याजवळ येऊन उभे राहतात. बाजरीची भाकरी तव्यावरून थेट ताटात. भोगीला तीळ लावून करतात ती तर आहेच, पण रोजच्याही भाकरीला चमचाभर तीळ लावायला काय हरकत आहे?

हवा कोरडी पडून ओठ फुटत असतील, घसा सुकत असेल, तर झोपायच्या खोलीत एक ओला पंचा दोरीवर वाळत घाला. सकाळपर्यंत तो कोरडा होतो.

वडीलधारी आणि बाळं

सासूबाईंसाठी पलंगाशेजारी स्वेटर, कानटोपी आणि तळाला रबर असलेले मोजे खुर्चीवर काढून ठेवतो. पहाटे उठल्यावर एकदम उभं न राहता, पांघरुणात बसूनच ते घालायचे आणि मग पाय खाली टाकायचे. साधे लोकरी मोजे फरशीवर घसरतात. रात्री न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर एक मंद दिवा ठेवा.

तान्ह्या बाळाला जड गोधडी किंवा सैल पांघरूण नको, ते तोंडावर येऊ शकतं. अंगात सुती झबलं, त्यावर लोकरी, पायात मोजे, असे कपड्यांचेच थर वाढवा. गरम पाण्याची पिशवी बाळाच्या कुशीत ठेवू नका. त्याला ऊब पुरते का हे हातपायांवरून नाही कळत, ते बहुधा गारच असतात. मानेमागे किंवा छातीवर हात ठेवून बघा. घाम आला असेल तर एक थर काढा.

थंडी सरल्यावर

फेब्रुवारीच्या शेवटी दुपारी पंखा लागायला लागला की आवराआवर करा. गोधड्या धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा. घोंगड्या झटकून त्यांच्या घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. गरम पाण्याची पिशवी उलटी टांगून आतून पूर्ण कोरडी करा, म्हणजे रबर आतून चिकटत नाही. सोफा जागेवर न्या, पडद्यामागच्या चादरी काढा. खिडक्यांच्या पट्ट्या तशाच राहू द्या, एप्रिलमधली धूळ त्याच अडवतात. आणि विरलेल्या सुती साड्या बाजूला काढून एका गाठोड्यात बांधा. गोधडी टाचायला उन्हाळ्याच्या लांब दुपारी चांगल्या.